तुम्ही विचारलंत म्हणून: शेव्हरनं ब्लेडइतकी गुळगुळीत दाढी होते का?

मी तंत्रनिकेतनात उत्पादन प्रक्रिया शिकवते, आणि घरी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दाढी मीच करते. इलेक्ट्रिक शेव्हरनं. या दोन्ही गोष्टी माहीत असलेली माणसं मला हमखास विचारतात, "शेव्हरनं ब्लेडइतकी गुळगुळीत होते का हो? आणि होत नसेल, तर त्या यंत्राला एवढे पैसे कशाला मोजायचे?"

नाही होत. थोडी कमी पडते. पण किती कमी पडते ते मोजता येतं, आणि पैसे कशाचे पडतात तेही त्या मोजमापातच कळतं.

ब्लेड थेट कातडीवर टेकतं. पाण्यानं मऊ झालेला केस ते सुरीसारखं एकाच बाजूनं कापत जातं. कापला जाताना केस मुळाशी किंचित ओढला जातो आणि तुटल्यावर पुन्हा आत सरकतो. त्यामुळे नंतर गालावर हात फिरवला तर बोटांना काहीच लागत नाही. मात्र धार आणि कातडी यांच्यामध्ये दुसरं काही नसतं. शेव्हर कापतो कात्रीसारखा. एक धार स्थिर, दुसरी हलती, केस त्या दोहोंच्या मध्ये. स्थिर धार म्हणजे बाहेरून दिसणारी ती पातळ जाळी, फॉइल. तिच्या प्रत्येक भोकाची कड ही एक धारच असते. केस भोकातून आत शिरतो, आतलं पातं जाळीला घासत येतं आणि केस कडेवर कापला जातो. प्रेस शॉपमध्ये काम केलेल्यांना एवढंच सांगितलं तरी पुरेल की जाळी ही डाय आहे आणि आतलं पातं हा पंच.

म्हणजे केस कापला जातो तो जाळीच्या आतल्या अंगाला, आणि कातडी असते बाहेरच्या अंगाला. मधली जाडी केसाच्या रूपानं गालावर शिल्लक राहणारच. चांगल्या शेव्हरच्या जाळीची जाडी साधारण ०.०५ ते ०.०६ मिलिमीटर असते. दाढीचा एक केसच बहुधा ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असतो, म्हणजे जाळी केसापेक्षाही पातळ. दाढी दिवसाला सुमारे ०.४ मिलिमीटर वाढते. आता भागाकार करून पाहा. ०.०५ मिलिमीटर म्हणजे जेमतेम तीन तासांची वाढ. हा ढोबळ हिशेब आहे. केस तिरपा असेल तर खुंट जास्त उरतो, कातडी भोकात किंचित फुगून आली तर कमी. तरी प्रमाण लक्षात येतं. ब्लेडनं सकाळी सातला दाढी केलेल्या माणसाची हनुवटी दहा वाजता जशी लागते, साधारण तशी शेव्हरनं सातलाच लागते. ट्रिमरचंही तत्त्व हेच, फक्त त्याच्या खालच्या दात्यांची पट्टी जाळीच्या कितीतरी पट जाड असते. म्हणून ट्रिमरनंतर खुंट नुसते हाताला लागत नाहीत, डोळ्यांनाही दिसतात.

मग जाळी आणखी पातळ का करत नाहीत? वर्गात मुलं हा प्रश्न विचारतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो, कारण शेव्हरची खरी कसरत इथेच आहे. जाळी जास्त पातळ केली तर ती गालाच्या दाबानं आत दबते आणि हलत्या पात्यावर चेपते. घर्षण वाढतं, जाळी तापते, एखाद दिवशी फाटते. भोकं मोठी केली तर केस पटकन आत शिरतील, पण कातडी मऊ असते, तीही भोकात घुमटासारखी फुगते. तो घुमट जाळीच्या जाडीहून उंच झाला की पातं केसासोबत कातडीही सोलून नेतं. भोकं लहान केली तर कातडी सुरक्षित राहते, पण आडवे पडलेले केस आत जातच नाहीत. दोन भोकांमधली पट्टी रुंद ठेवली तर जाळी मजबूत होते, पण केस शिरायला जागा कमी उरते. एक बाजू ओढली की दुसरी सुटते. म्हणून जाळीला कमान देतात, म्हणजे पातळ राहूनही ती दाबाला टिकते. भोकांचे आकार आणि दिशा वेगवेगळ्या ठेवतात, म्हणजे कोणत्याही बाजूनं आलेला केस कुठेतरी सापडतो. मोटार, बॅटरी, स्क्रीनवरचे आकडे हे सगळं या जाळीच्या सेवेला आहे, असं माझं ठाम मत आहे.

अशी जाळी बनवतात कशी, हे तर मला त्याहून सुंदर वाटतं. पातळ पत्र्याला पंच मारून भोकं पाडता येतात, पण तसं केलं की कडेला बर, म्हणजे धातूचा बारीक खरखरीत काठ, उठते, आणि जी कड गालावरून फिरायची तिला बर चालत नाही. म्हणून अनेक जाळ्या कापून काढत नाहीत, वाढवतात. धातूच्या साच्यावर जिथे भोक हवं तिथे वीज न वाहणारे ठिपके छापायचे आणि साचा निकेलच्या द्रावणात बुडवून विद्युतप्रवाह सोडायचा. निकेल ठिपक्यांच्या भोवतीनं चढत जातं. जाडी किती ते प्रवाह आणि वेळ यांवर ठरतं, त्यामुळे सहस्रांश मिलिमीटरपर्यंत ताबा राहतो. शेवटी तयार जाळी साच्यावरून अलगद सोलून घ्यायची. इलेक्ट्रोफॉर्मिंगचा हा धडा मी जाळीचा तुकडा भिंगाखाली ठेवूनच शिकवते. १९६२ साली जर्मनीतल्या ब्राउन कंपनीनं सिक्स्टंट नावाचा शेव्हर आणला. त्याची षट्कोनी भोकांची, वर प्लॅटिनमचा थर दिलेली जाळी अशीच विजेच्या साहाय्यानं घडवलेली होती. आज दुकानात दिसणारे जाळीचे शेव्हर त्याच वाटेनं पुढे आले आहेत.

इतिहासात फार शिरत नाही. अमेरिकन लष्करातले अधिकारी जेकब शिक यांनी १९३१ साली पहिला यशस्वी विद्युत शेव्हर विकायला आणला, तेव्हा त्याची किंमत २५ डॉलर होती. गोल फिरणाऱ्या पात्यांचा शेव्हर नेदरलँड्सच्या फिलिप्समधले अभियंते अलेक्झांद्र होरोविट्झ यांनी घडवला आणि तो १९३९ मध्ये बाजारात आला. त्याला तेव्हा एकच चकती होती. तीन चकत्या १९६६ मध्ये आल्या. गोल शेव्हरमध्ये भोकांऐवजी लांब फटी असतात, त्यामुळे दोन-तीन दिवसांची वाढलेली, वेड्यावाकड्या दिशेची दाढी त्यात चांगली जाते. रोज दाढी करणाऱ्याला मी जाळीचा सुचवते, एक दिवसाआड करणाऱ्याला गोल.

अण्णांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. अशा माणसाला ब्लेडची बारीकशी चीरही बराच वेळ वाहते, म्हणून डॉक्टर शेव्हर वापरायला सांगतात. त्यात त्यांची मान थरथरते आणि गालाची कातडी वयानं सैल झाली आहे. दुसऱ्याच्या गळ्यावर धार फिरवताना आपल्या हाताला कळत नाही की त्याला कुठे टोचतंय. तो तीन तासांचा खुंट ही अण्णांच्या सुरक्षिततेची किंमत आहे आणि मला ती स्वस्त वाटते. त्यांनी आयुष्यभर ब्लेडनंच दाढी केली, पण दाढी झाल्यावर हनुवटीखाली हात फिरवून बघायची सवय अजून आहे. मान हलवून "चालेल" म्हणतात.

आता मोटार. जुन्या पद्धतीत मोटार गोल फिरते आणि एका बाजूला सरकवलेली पिन त्या फिरण्याचं डावीउजवीकडे हलण्यात रूपांतर करते. प्रत्येक सांध्यात थोडी शक्ती घर्षणात जाते, आणि दाट दाढी आली की वेग पडतो. वेग पडला की केस कापला जाण्याऐवजी ओढला जातो. शेव्हर "चिमटा काढतो" अशी तक्रार येते ती बहुतेक वेळा यामुळेच, किंवा पाती बोथट झाल्यामुळे. जपानच्या पॅनासॉनिकनं १९९५ मध्ये शेव्हरमध्ये लिनियर मोटार आणली. तिच्यात गोल फिरणारं काही नाही. विद्युतचुंबक आणि कायम चुंबक एकमेकांना खेचत-ढकलत पातं थेट सरळ रेषेत हलवतात, मिनिटाला १३-१४ हजार वेळा. पातं स्प्रिंगला जोडून त्याच्या नैसर्गिक कंपनसंख्येच्या जवळ हलवलं की थोड्या विजेतही ते हलत राहतं. हात थरथरू नये म्हणून काही रचनांमध्ये उलट दिशेनं हलणारं वजनही असतं.

जाहिरातीत "दाढी ओळखणारा सेन्सर" म्हणतात. शेव्हरला गाल दिसत नाही. दाट जागी पात्याला अडथळा वाढतो, मोटार जास्त प्रवाह ओढते, छोटी चिप तो प्रवाह सेकंदात अनेकदा मोजते आणि शक्ती कमीजास्त करते. साधी गोष्ट आहे, पण उपयोगाची. मिशीखाली आणि हनुवटीवर फरक हाताला जाणवतो.

ओल्या चेहऱ्यावर चालणारे बरेच शेव्हर वायर लावली की सुरूच होत नाहीत. लोक दुकानात परत घेऊन जातात, बिघडलाय म्हणून. तो बिघाड नाही. ओला हात, ओला चेहरा आणि भिंतीतली वीज यांची गाठ पडू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं.

वापरताना काय करायचं तेही विचारता, म्हणून सांगते. फोम लावणार नसाल तर आंघोळीआधी, चेहरा पूर्ण कोरडा असताना करा. ब्लेडला केस मऊ लागतो, पण जाळीत शिरायला तो कडक आणि ताठ हवा. घामट चेहऱ्यावर जाळी चिकटते, म्हणून पावसाळ्याच्या दमट दिवसांत पंख्याखाली बसा. दाबू नका. दाबल्यानं दाढी फार जवळून होत नाही, कातडी मात्र भोकात फुगते आणि गाल लाल होतो. मानेवर मोकळ्या हातानं कातडी ताणून धरा आणि केस ज्या दिशेनं वाढलेत त्याच्या उलट जा. आठवड्याची दाढी असेल तर आधी ट्रिमर फिरवा, कारण लांब केस वाकून आडवा होतो आणि भोकात जात नाही. ब्लेड सोडून पहिल्यांदाच शेव्हर घेतला असेल तर तीन-चार आठवडे द्या, कातडीला आणि हाताला सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. साबणाच्या पाण्यानं धूत असाल तर वाळल्यावर जाळीवर शिवणयंत्राच्या हलक्या तेलाचा एक थेंब टाका.

जाळी आणि पाती दीड-दोन वर्षांत बदलावी लागतात. त्यांची किंमत ऐकून लोक दचकतात, पण यंत्राचं खरं काम तोच भाग करतो आणि झिजतोही तोच. जाळीला बारीकसा पोचा किंवा चीर दिसली तर मात्र मुदतीची वाट पाहू नका, त्या दिवसापासून तो शेव्हर वापरू नका. आणि नवीन घ्यायच्या आधी दुकानदाराला विचारा की या मॉडेलची जाळी सुटी मिळते का, आणि आत्ता दुकानात आहे का. नाही म्हणाला तर दुसरं मॉडेल बघा.