एक उतारा, चार कौशल्यं: माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवतानाचा माझा अनुभव

श्रवण, संभाषण, वाचन आणि लेखन यांचे वेगवेगळे तास लावून प्रत्येक तासाला नवा विषय घेतला, की चारही कौशल्यं अर्धवट राहतात. मुलांना दर वेळी नवे शब्द शोधावे लागतात आणि कालचे वापरायच्या आधीच मागे पडतात. म्हणून मी आठवडाभर एकच उतारा घेते: आधी ऐकायचा, मग त्यावर बोलायचं, मग तो वाचायचा आणि शेवटी लिहायचं. बोलण्याआधी लिहायला लावलं, तर निम्मा वर्ग कोऱ्या पानाकडे बघत बसतो.

उतारा निवडण्याआधी त्याच पातळीच्या दुसऱ्या मजकुरातला शंभर शब्दांचा तुकडा मुलांना देते आणि अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला सांगते. दोन रेघा असतील, तर अशा पातळीचा मजकूर मूल एकट्यानं वाचू शकतं. पाचपर्यंत मदतीनं जमतं. त्यापुढे मात्र संदर्भावरून अर्थ लावणं अवघड होतं, कारण संदर्भ देणारे शब्दच कळलेले नसतात. वाचनाच्या संशोधनात ९८ आणि ९५ टक्के ओळखीचे शब्द असे जे दोन उंबरठे सांगतात, ते हेच.

ऐकण्यासाठी मला डिक्टोग्लॉस सर्वांत उपयोगी वाटतं. उताऱ्यातले ६० ते ८० शब्द नेहमीच्या वेगानं दोनदा वाचायचे. पहिल्यांदा पेन खाली; दुसऱ्यांदा फक्त महत्त्वाचे शब्द टिपायचे. मग जोडीनं मजकूर पुन्हा उभा करायचा आणि शेवटी मूळ उताऱ्याशी ताडून पाहायचा. हे श्रुतलेखन नाही, त्यामुळे शब्द सुटे करून वाचायचे नाहीत. दयेपोटी वेग कमी केला, तर मुलांना खरं इंग्रजी ऐकूच येत नाही. वाक्यात ‘कॅन’चा उच्चार ‘कन्’ होतो, ‘कुड हॅव गॉन’मधला ‘हॅव’ नुसता ‘अव्’ उरतो. जोड्यांच्या मजकुरातून नेमके हेच छोटे, बिनआघाताचे शब्द गळतात. गळलेले शब्द फळ्यावर मांडले आणि तेच वाक्य पुन्हा ऐकवलं, की ‘अरे, होता की!’ असं मुलंच म्हणतात. ऐकण्याचं खरं शिकवणं इथे होतं. नुसते प्रश्न विचारून उत्तरं तपासणं ही फक्त चाचणी.

बोलण्यासाठी ४/३/२ ही पद्धत आहे: तेच बोलणं तीन वेगळ्या श्रोत्यांना चार, तीन आणि दोन मिनिटांत सांगायचं. माध्यमिकच्या मुलांना चार मिनिटं फार होतात, म्हणून मी दोन, दीड आणि एक मिनिट ठेवते. समोरासमोर दोन रांगा करायच्या आणि प्रत्येक फेरीनंतर एक रांग एका जागेनं सरकवायची. श्रोता नवा असल्यामुळे तेच पुन्हा सांगायला अर्थ राहतो आणि वेळ आक्रसल्यामुळे अडखळणं कमी होतं. हातात जास्तीत जास्त पाच शब्दांचं टिपण. पूर्ण वाक्यं लिहू दिली, तर मुलं ती वाचून दाखवतात आणि बोलणं तिथेच संपतं. श्रोत्यालाही काम हवं: शेवटी एक प्रश्न विचारायचा. मधेच चूक दुरुस्त करायची नाही, ऐकू आलेल्या चुका टिपून नंतर सर्वांसमोर नाव न घेता मांडायच्या.

शिक्षकाचं गप्प राहणंही यात येतं. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचं निरीक्षण केलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरं लांबली आणि जास्त मुलं बोलू लागली. परक्या भाषेत तर मुलाला वाक्यही जुळवायचं असतं. मी मनात पाचपर्यंत मोजते.

एवढं झाल्यावर वाचन हलकं होतं. पाळीपाळीनं मोठ्यानं वाचायला लावणं मी टाळते. एक वाचतो आणि बाकीचे आपली पाळी कुठे येते ते मोजत बसतात. मूकवाचन करून ‘का’चे प्रश्न घ्यावेत आणि प्रत्येक उत्तराबरोबर ओळीचा क्रमांक मागावा. क्रमांक मागितला, की अंदाज आणि आधार यांतला फरक मुलांना आपोआप कळतो.

लेखन १०० ते १२० शब्दांचं पुरे. पहिल्या खर्ड्यावर मी गुणही देत नाही आणि चुकाही दाखवत नाही, आशयाबद्दल फक्त दोन प्रश्न लिहिते: हे कुणी केलं? मग काय झालं? गुण दिले, की मुलाच्या लेखी काम संपतं. दुसऱ्या खर्ड्यात एकाच प्रकारची चूक, तीही शब्दावर नाही, तर त्या ओळीच्या समासात खूण करून. चूक मुलानंच शोधायची. कोणती चूक आधी घ्यायची, हे विचारपूर्वक ठरवावं. ‘डिड नॉट वेंट’ लवकर सुधारतं, कारण नियम एकच आहे. ‘अ’ आणि ‘द’ला मात्र वर्षं लागतात, कारण वाचणाऱ्याला ती गोष्ट आधीच माहीत आहे का, हे दर वेळी ठरवावं लागतं, मातृभाषेत आर्टिकल नसलेल्या मुलांना ते विशेष जड जातं. सगळ्याच चुका लाल केल्या, तर मूल दुरुस्त वाक्यं उतरवून काढतं आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच लिहितं.

वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकानं स्वतःच्या तीन चुकांची यादी ठेवायची. लिहून झाल्यावर वही देण्याआधी वर्गातच दहा मिनिटं त्या तीन चुकांसाठी राखून ठेवायची, एका वाचनात एकच चूक शोधायची. लागोपाठ तीन लेखनांत एखादी चूक दिसली नाही, तर ती खोडायची आणि तिच्या जागी नवी लिहायची.