२०० फुटांच्या आतले

सासूबाईंना आता जिना चढवत नाही. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, नाशिकच्या घरी त्यांनी एकटं राहायचं नाही हे आमचं ठरलं, पण न्यू जर्सीतल्या आमच्या या घरात खाली एकही बेडरूम नाही, सगळ्या वर. म्हणून मागच्या अंगाला १४ बाय १६ ची एक खोली आणि तिला लागून बाथरूम काढायचं ठरवलं. आर्किटेक्टने नकाशा दिला, टाउनशिपकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, परमिटला टाकला आणि काही दिवसांत झोनिंग ऑफिसरचं, म्हणजे कुठल्या भागात काय आणि कसं बांधायचं हे नियम बघणाऱ्याचं, पत्र आलं, नामंजूर.

कारण काय तर आमचा प्लॉट कोपऱ्याचा. दोन बाजूंना रस्ता, म्हणून नियमाप्रमाणे आमच्या घराला दोन दर्शनी बाजू, आणि दर्शनी बाजूला आमच्या झोनमधे ३५ फूट मोकळे सोडावे लागतात. आपल्याकडे मार्जिन सोडतात तसंच, फक्त खूप जास्त. घर १९५० च्या दशकातलं, तेव्हा हा नियम नव्हता, त्यामुळे ते आधीपासूनच बाजूच्या रस्त्यापासून २२ फुटांवर उभं आहे आणि नवी खोली १८ वर येणार होती. शिवाय घर, ड्राइव्हवे, पायवाट असं सगळं मिळून जमीन ३० टक्के झाकलेली चालते, आमची ३२ होत होती. मग झोनिंग बोर्डाकडे अर्ज करायचा आणि व्हेरियन्स मागायचा, म्हणजे तुमच्या जागेपुरती त्या नियमातून सवलत.

मी वकिलाकडे गेले ते सासूबाईंच्या एक्सरेची फाइल घेऊन. मला वाटलं होतं हेच आपलं सगळ्यात मोठं कारण. वकिलाने फाइल न उघडता परत दिली आणि शांतपणे समजावलं की बोर्ड माणसाची अडचण बघत नाही, जमिनीची बघतं. व्हेरियन्स जमिनीला चिकटतो, उद्या तुम्ही घर विकलंत तरी खोली राहणार, तेव्हा कायदा विचारतो की प्लॉट अरुंद आहे का, उथळ आहे का, विचित्र आकाराचा आहे का, उतारावर आहे का, किंवा आधीपासून कायदेशीर उभ्या असलेल्या बांधकामामुळे अडचण येतेय का. १९७५ चा म्युनिसिपल लँड यूज लॉ आहे न्यू जर्सीचा, त्यात हे असंच लिहिलंय, मी नंतर वाचलं. तेव्हा मला ते फार कठोर वाटलं होतं. आता वाटत नाही, कारण माणसांची दुःखं तोलायला बसलं तर ज्याला नीट बोलता येतं त्याचीच खोली होणार आणि ज्याचं इंग्लिश अडखळतं त्याची राहणार.

आमच्या ओळखीतल्या एका काकांनी फोनवर सांगितलं, बोर्डावर कोणी ओळखीचं आहे का बघ, आधी जाऊन भेटून ये. त्यांचा हेतू चांगला होता पण कृपा करून कोणी असं करू नका. ते मंडळ कोर्टासारखं चालतं, सगळं रेकॉर्ड होतं, निर्णय फक्त सुनावणीत जे समोर आलं त्यावरच द्यावा लागतो, बाहेर कोणी सदस्याला गाठून बोललं तर त्या सदस्याला त्या केसमधून बाजूला व्हायची वेळ येऊ शकते. बोर्डावर सात जण असतात, शिवाय गरज पडली तर बसणारे राखीव सदस्य, आणि सगळे गावातलेच रहिवासी. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका आहे, एक प्लंबर आहे. दिवसभर आपापली कामं करून रात्री येऊन बसतात.

मग ती यादी. तुमच्या प्लॉटच्या २०० फुटांच्या आत ज्यांची ज्यांची मालमत्ता आहे त्या प्रत्येकाला सुनावणीच्या निदान १० दिवस आधी नोटीस पोचवायची, आणि जाहीर नोटीसही प्रसिद्ध करायची. यादी टाउनशिप देते, फी कायद्यानेच बांधून दिलीय, नावामागे २५ सेंट किंवा १० डॉलर, जे जास्त असेल ते. एक जरी नाव सुटलं तर सुनावणी लांबणीवर पडू शकते. आमच्या यादीत २३ नावं होती. नऊ वर्षं या घरात राहतोय आणि त्या २३ पैकी मला फक्त सहा नावं चेहऱ्यांनिशी माहीत होती, हे मला त्या रात्री पाकिटं भरताना खूप लागलं. आणि हेही आठवलं की तीन वर्षांपूर्वी असंच एक सर्टिफाइड पत्र आमच्याकडे आलं होतं, मागच्या गल्लीतल्या घराचं, आणि आपला काय संबंध म्हणून मी ते ड्रॉवरमधे टाकून दिलं होतं.

पहिल्या तारखेला आमचा नंबर दुसरा होता. पहिला अर्ज एका शाळेचा. रहिवासी झोनमधे एक जुनी मोठी इमारत आहे, तिथे एका छोट्या खाजगी शाळेला प्राथमिकचे वर्ग काढायचे होते, आणि झोनमधे शाळेला परवानगी नाही. हॉल भरलेला, बायका लहान मुलं घेऊन आलेल्या, मागे लोक भिंतीला टेकून उभे. मी मनात म्हटलं हे अर्ध्या तासात आटपेल. साडेदहा वाजले तरी ट्रॅफिक इंजिनिअरचीच साक्ष चालू होती, आणि आमच्या बोर्डाचा नियम आहे की साडेदहानंतर नवीन काही ऐकायचं नाही, आमचं प्रकरण पुढच्या महिन्यावर. एका सुनावणीपुरते वकील आणि आर्किटेक्ट यांचे पैसे आम्हाला पुन्हा भरावे लागले. राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण त्या साडेतीन तासांत मी जे शिकले ते मला दुसरीकडे कुठे शिकायला मिळालं नसतं.

घराला आणि शाळेला कायदा एका मापाने मोजत नाही. मला माझी अडचण सिद्ध करावी लागते. शाळा, हॉस्पिटल, पाळणाघर, ग्रुप होम (आधाराची गरज असलेल्यांनी एकत्र राहायचं घर) यांना मात्र न्यू जर्सीचा कायदा मुळातच लोकहिताच्या गोष्टी मानतो, २००९ पासून तर ही यादी कायद्याच्या व्याख्येतच लिहिलेली आहे. त्यामुळे शाळा हवी की नको हा प्रश्नच बोर्डापुढे नसतो. शाळेमुळे या जागी त्रास काय होईल, आणि अटी घालून तो किती कमी करता येईल, एवढंच तोलायचं. हा तराजू १९९२ च्या सिका खटल्यातून आला, तो शाळेचा नव्हता, वॉल टाउनशिपमधल्या मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसन केंद्राचा होता, पण आता अशा सगळ्या अर्जांना तोच लागतो. मात्र एक मोठी अट आहे, झोनमधे ज्या वापराला परवानगीच नाही असा वापर मागायचा तर सातपैकी पाच मतं लागतात. चार विरुद्ध तीन असं पडलं तरी अर्ज नामंजूर. आमच्यासारख्या मार्जिनच्या केसला साधं बहुमत पुरतं. (सरकारी शाळेची वाट आणखी वेगळी, तिचा नकाशा प्लॅनिंग बोर्ड नावाचं दुसरं मंडळ बघतं आणि सूचना करतं, पण त्या सूचना तिच्यावर बंधनकारक नसतात.)

आणि हे माहीत नसल्यामुळे लोक बिचारे उठून भलतंच बोलत होते. एक बाई रडवेली होऊन म्हणाली आमची गल्ली पहिल्यापासून शांत आहे. एका गृहस्थांनी १४० सह्यांचा अर्ज आणला होता, बोर्डाच्या वकिलाने तो घेतलाच नाही, कारण सही करणाऱ्याची उलटतपासणी करता येत नाही, ज्याला बोलायचंय त्याने स्वतः यावं, शपथ घ्यावी आणि बोलावं. दोघा-तिघांना तर चेअरमनने मधेच थांबवलं, कारण साक्षीदाराची साक्ष झाली की आधी फक्त प्रश्न विचारायचे असतात, आपलं मत शेवटी वेगळी वेळ असते तेव्हा. हे सुरुवातीला सांगतात खरं, पण इतकं भरभर सांगतात की पहिल्यांदा आलेल्या माणसाला कळत नाही.

सगळ्यात कामाचं कोण बोललं तर समोरच्या घरातला एक स्कूल बस चालवणारा माणूस. त्याने एवढंच विचारलं की सकाळी मुलांना सोडायला आलेल्या गाड्या आत किती मावतील, इंजिनिअरने आकडा सांगितला, १८, आणि तो म्हणाला सव्वाआठला माझी बस याच वळणावर थांबते, तिचा लाल दिवा लागला की मागचं सगळं थांबतं, मग तुमची एकोणिसावी गाडी कुठे उभी राहणार. हॉल एकदम शांत झाला. ते वळण कागदावर होतं पण बस नव्हती. शाळेला पुढच्या महिन्यात नवीन प्लॅन घेऊन यावं लागलं, वर्गांच्या वेळा दोन टप्प्यात केल्या, गाड्यांची रांग इमारतीच्या मागून फिरवली, आणि तिसऱ्या तारखेला पाच विरुद्ध दोन मतांनी मंजुरी मिळाली. बरोब्बर पाच. मला मनापासून आनंद झाला. शाळेत लहान मुलं येणार आहेत आणि ती सुखरूप उतरणार आहेत, ती त्या एका माणसाच्या प्रश्नामुळे.

त्या पहिल्या तारखेच्या रात्री घरी आल्यावर सासूबाईंना नाशिकला फोनवर हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, आपल्या घरासमोरचा प्लॉट आठवतो का, शाळेसाठी आरक्षित होता तो?" आठवतो ना. लग्न होऊन आले तेव्हापासून तिथे बाभळी. महाराष्ट्राच्या १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे प्रादेशिक व नगररचना कायद्यात कलम १२७ आहे, विकास आराखडा लागू होऊन १० वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत, पूर्वी ही मुदत याहून कमी होती, भूसंपादनाचं पाऊल पडलं नाही तर आरक्षण रद्द होतं. त्या प्लॉटचं तेच झालं, आता तिथे सात मजली इमारत आहे. मालकाला मी दोष देत नाही, किती वर्षं जमीन अडकवून ठेवायची कोणी. पण आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा त्या अख्ख्या शहराच्या नकाशावर असतात, आणि पुढे एखादं आरक्षण गळून पडतं तेव्हा समोरच्या घरात पत्र येत नाही. आम्हाला कळलं ते पत्र्याचं कुंपण लागलं तेव्हा. पाकिटं भरताना इतकी वैतागले होते मी, पण त्या २०० फुटांच्या यादीची किंमत मला त्या फोननंतर कळली.

इथलं सगळं छान आहे असं मात्र मुळीच नाही. इथे घरपट्टीतला निम्म्याच्या आसपास पैसा शाळांना जातो, त्यामुळे कोणी चार घरं जास्त बांधायची म्हटली की लोक पहिलं हेच म्हणतात, मुलं वाढतील, शाळा भरतील, टॅक्स वाढेल. अपार्टमेंट आली की बाह्या सरसावतात. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९७५ मधे माउंट लॉरेल या टाउनशिपविरुद्धच्या खटल्यात सांगितलं की गावांनी झोनिंगचा वापर करून गरिबांना बाहेर ठेवायचं नाही, ५० वर्षं झाली त्याला, आणि तरी ही भाषा चालूच आहे. आपली मराठी माणसंसुद्धा बोलतात अशी, मी पिकनिकला ऐकलंय. आपण स्वतः चांगली शाळा बघून घर घेतलं ना, मग दुसऱ्याच्या मुलाला तीच शाळा मिळू नये असं कसं म्हणायचं.

आमची सुनावणी पुढच्या महिन्यात झाली. मी शपथ घेतली, आर्किटेक्टने कोपऱ्याचा प्लॉट, दोन दर्शनी बाजू, जुनं घर, सगळं मांडलं, दुसऱ्या बाजूला खोली काढली तर जुनं ओकचं झाड जातं हे दाखवलं. मग आमच्या खालच्या अंगाच्या घरातले आजोबा उठले. ऐंशीच्या पुढचे, इटालियन, मी नोटिशीबरोबर नकाशा घेऊन त्यांच्याकडे स्वतः गेले होते तेव्हा काहीच बोलले नव्हते. त्यांनी फोटो आणले होते, त्यांच्या तळघरात आलेल्या पाण्याचे, तारखा घालून. म्हणाले यांच्या अंगणाला माझ्याकडे उतार आहे, जमीन अजून झाकली तर ते पाणी कुठे जाणार. पहिल्या क्षणी माझ्या पोटात खड्डा पडला. आणि लगेच वाटलं, खरं बोलताहेत ते. नऊ वर्षं आमच्या छपराचं पाणी त्यांच्याकडे जात होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

बोर्डाच्या इंजिनिअरने तिथेच उपाय सुचवला, ड्रायवेल, म्हणजे जमिनीत खडी भरलेला मोठा खड्डा, छपराचं पाणी पाइपने त्यात सोडायचं आणि ते तिथेच मुरतं. नवीनच नाही, जुन्या छपराचंही पाणी त्यात घ्यायला आम्ही आपणहून तयार झालो, खर्च वाढला पण ते योग्यच होतं. रस्त्याच्या बाजूला झाडांची रांग लावायची ही दुसरी अट. मतं सात विरुद्ध शून्य. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विषय निघालाच नाही, फक्त ती निवृत्त शिक्षिका आमच्या शेजारून जाताना हळूच म्हणाली, दार ३६ इंची ठेवा, पुढे वॉकर लागतो.

लगेच बांधकाम सुरू करता येत नाही हेही लक्षात ठेवा. तोंडी मत पडलं तरी लेखी ठराव नंतर येतो, त्याची जाहीर नोटीस प्रसिद्ध झाली की तिथून ४५ दिवस कोणीही कोर्टात जाऊ शकतं, मधेच बांधायला घेतलं तर जोखीम आपली. आम्ही थांबलो. ते ४५ दिवस गेल्या शुक्रवारी संपले.

सोमवारी खड्डा खणायला मशीन येतंय. आजोबांना सकाळी साडेसातची वेळ सांगून आलेय, पाइप कुठल्या बाजूने काढतात ते त्यांना उभं राहून बघायचंय.