‘अर्थ’ नाही रे बाबा!

मोहोळच्या मामांच्या शेतात कोंबड्यांचं घर झालेली जुनी कॅम्पर केबिन (पिकअपवर बसवून प्रवासात राहायची खोली) आज एकदाची पिकअपवर चढली. चेन पुली, सहा माणसं, आणि सातवे मामा फक्त ओरडायला. आधी जरा मागं बसली, तर पिकअपचं तोंड वर, स्टिअरिंग हलकं फूल! पुन्हा उचलून वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढं आणलं, तेव्हा गाडी वळणावर आली. हायवेला ४०च्या वर काटा जाऊ दिला नाही.

सोलापुरात खरी गंमत. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचा. दोन तास बल्ब बदलत बसलो. शेवटी वायरिंगवाले चाचा आले, एकदा बघितलं आणि म्हणाले, “अर्थच नाही रे बाबा.”

मला वाटलं, माझ्या हौसेबद्दल बोलतायत.

पण चाचांचा ‘अर्थ’ म्हणजे अर्थिंग! केबिनचा सांगाडा लाकडी. गाडीच्या चेसिसपर्यंत (खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत) करंटला परतीची वाटच नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बातून वाट काढतोय. चाचांनी चेसिसचा रंग खरवडला, काळी वायर आवळली, आतल्या दिव्याला बॅटरीजवळ वेगळा फ्यूज दिला. काम वीस मिनिटांचं.

आता त्याच दिव्याखाली कडक भाकरी, शेंगा चटणी. कोंबड्यांचा वास अजून आहे.