पाच वाचनालयं, एक यादी : माझा अनुभव

शासन सार्वजनिक वाचनालयांना अ ते ड असे वर्ग देतं, त्यात ड सगळ्यात खालचा. ड वर्गाच्या वाचनालयाचं वर्षाचं अनुदान 2022 मध्ये 48,000 रुपये झालं. तेव्हा राज्य मंत्रिमंडळानं 60 टक्के वाढ मंजूर केली, त्याआधी ते 30,000 होतं. यातला निम्मा भाग पगाराचा. म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला 2,000 रुपये, आणि वर्तमानपत्रं, मासिकं, लाइटबिल, भाडं, रजिस्टरं, कपाटाची डागडुजी, ऑडिटची फी आणि पुस्तकं अशा सगळ्याला मिळून वर्षाचे 24,000. शिवाय शासन मान्य खर्चाच्या 90 टक्केच देतं. उरलेले 10 टक्के वर्गणी-देणगीतून आपणच उभे करायचे. आम्ही पाच गावांच्या वाचनालयांनी पुस्तकं एकमेकांत फिरवायचं ठरवलं ते या आकड्यांवरून सुरू झालं, म्हणून ते आधी सांगितले.

मी सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या अशाच एका वाचनालयाची ग्रंथपाल. आमच्या आसपास सायकलवरून जाता येईल अशा अंतरावर आणखी चार गावांत वाचनालयं आहेत. तीन ड वर्गातली, एक क वर्गातलं. एका प्रशिक्षणाच्या निमित्तानं आम्ही पाचही जणी-जणे आपापली दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात चढवतात ती वही, घेऊन आलो होतो. दुपारी जेवणानंतर मी सहज शेजारच्या ताईंची वही चाळली. गेल्या तीन वर्षांतल्या नोंदी जवळपास आमच्याच होत्या. त्याच गाजलेल्या कादंबऱ्या, तीच चरित्रं, स्पर्धा परीक्षेचे तेच ठोकळे. मग पाचही वह्या शेजारी शेजारी मांडल्या. पाच गावांनी मिळून पाच वेळा एकच कपाट भरलं होतं.

याचं कारणही सरळ आहे. अनुदान हप्त्यांनी येतं, हातात पडतं तेव्हा आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं, आणि खर्च मार्चअखेर दाखवावा लागतो. मग विक्रेत्याकडे जे गठ्ठ्यानं मिळेल ते घ्यायचं. त्याच दुकानात, त्याच आठवड्यात, आम्ही सगळेच. वाचणाऱ्यांच्या गरजा मात्र वेगवेगळ्या होत्या. आमच्याकडे एक आजोबा डाळिंबावरच्या तेल्या रोगाचं पुस्तक कितीतरी दिवस मागत होते. पलीकडच्या गावातल्या मुलींना नर्सिंगच्या प्रवेशाची पुस्तकं हवी होती. एका गावात लहान मुलं भरपूर आणि बालवाङ्मयाचा एकच कप्पा.

मी आमच्या कार्यवाहांना, अण्णांना, म्हटलं, खरेदी वाटून घेऊ या. त्यांना पटलं. पाचही गावच्या कार्यवाहांना आमच्या वाचनालयात बोलावलं. चहा झाल्यावर पहिलाच प्रश्न आला तो असा : "ताई, आमची पुस्तकं तुमच्या गावाला गेली आन् त्याच दिवशी तपासणी आली, तर काय दाखवायचं?"

हा प्रश्न मोलाचा होता. सगळी योजना याच्यावरच अडली असती. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा, आणि अनुदानाचे नियम 1970 चे. त्यात मान्यता मिळते ती एकेका ग्रंथालयाला. अनुदान त्याच्या नावावर, दाखल नोंद त्याची, ऑडिट त्याचं. पाच ग्रंथालयांच्या गटाला म्हणून अनुदान मागायचा अर्जच नाही. तपासणीला आलेले साहेब दाखल क्रमांक वाचतात आणि पुस्तक मागतात. ते कपाटात तरी असलं पाहिजे, नाहीतर देवघेव नोंदवहीत कुणाच्या तरी नावावर चढलेलं तरी.

म्हणजे वाट देवघेव नोंदवहीतूनच काढायची होती. आम्ही प्रत्येक वाचनालयाला बाकीच्या चारांचं सभासद केलं. तीन संस्थांच्या घटनेत संस्था सभासद हा प्रकार होताच. दोन ठिकाणी नव्हता, आणि घटनादुरुस्तीच्या मागे लागलो असतो तर वर्ष गेलं असतं. तिथे बाकीच्या गावांच्या कार्यवाहांनी स्वतःच्या नावानं वर्गणी भरून पावती घेतली. आता पुस्तक बाहेरगावी गेलं की ते नियमानं दिलेलं पुस्तक असतं : तारीख, दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, सही. पाचही कार्यकारी मंडळांनी एकाच मजकुराचा ठराव केला. त्यात तीन गोष्टी मुद्दाम घातल्या. पुस्तक हरवलं तर ज्या गावातून हरवलं त्या गावानं भरून द्यायचं. वार्षिक मोजदादीच्या आधी सगळी पुस्तकं मूळ गावी परत यायची. आणि संदर्भग्रंथ गावाबाहेर जाणार नाहीत. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला ठरावांच्या प्रती देऊन पोच घेतली. ती पोच मी फाइलीत सगळ्यात वर लावली आहे, कारण पुढे ज्या कुणाला शंका आली त्याच्यापुढे आधी तीच ठेवली.

खरेदीचं मग सोपं झालं. विषय वाटून घेतले : शेती आमच्याकडे, बालवाङ्मय मोठी शाळा असलेल्या गावाकडे, स्पर्धा परीक्षा आणि अभ्यासक्रमाची पुस्तकं क वर्गाच्या वाचनालयाकडे, कारण अभ्यासिका त्यांच्याकडेच आहे. आरोग्य-कायदा एकीकडे, चरित्रं-इतिहास एकीकडे. कथा-कादंबऱ्या सगळ्यांनी घ्यायच्या, पण यादी आधी एकमेकांना दाखवून. विक्रेता एकच ठरवला आणि सवलत पाच जणांच्या एकत्र खरेदीवर मागितली. बिलं मात्र पाच वेगळी, प्रत्येकावर त्या त्या संस्थेचं नाव, पैसे त्या त्या खात्यातून. ऑडिटरनं हे आधीच बजावलं होतं आणि त्याचं खरं होतं.

यादीला सगळ्यात जास्त मेहनत लागली. संगणकीकरणासाठी केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर आहे, मुक्त स्रोतातलं कोहा आहे. दोन्ही चांगली आहेत. पण आमच्याकडे दोन गावांत संगणकच नव्हता आणि वीज बेभरवशाची. म्हणून पहिल्या टप्प्यात साधी एक्सेल शीट. दाखल क्रमांकाच्या आधी गावाचं एक अक्षर, मग लेखक, शीर्षक, विषय, प्रकाशन वर्ष. पुस्तकाच्या पाठीवर गावागणिक वेगळ्या रंगाची पट्टी : आमची हिरवी, पलीकडची पिवळी. पट्टी चिकटवायला आठवी-नववीच्या मुली बसायच्या. त्यांना एक गोष्ट लवकर कळली, जी मला सांगावी लागली नाही : पट्टी पाठीच्या अगदी खालच्या टोकाला लावली तर कपाटातून काढता-घालता ती निघते, म्हणून दोन बोटं वर. यादी छापून पाचही वाचनालयांत दोरीनं टेबलाला बांधून ठेवली, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर ती आहेच.

पुस्तकं न्यायची कशी? नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पुस्तकांच्या पेट्या आम्हाला ऐकून माहीत होत्या. आम्ही पत्र्याच्या पाच ट्रंका घेतल्या. डेअरीचा टेम्पो रोज सकाळी या पाचही गावांतून दूध गोळा करत फिरतो. त्याच्या मालकानं दर सोमवारी कॅनच्या बाजूला ट्रंक ठेवायला हो म्हटलं आणि भाडं घेतलं नाही. पावसाळ्यात ट्रंकेवर ताडपत्री लागते, ती त्यानंच आणली. ट्रंकेच्या झाकणाला आतून कागद चिकटवलेला असतो : कुठली पुस्तकं, कुणी मागवली, कधी परत.

पैशाचं थोडं सविस्तर सांगते, कारण बाकीच्यांचं अडतं ते इथेच. ट्रंका, पट्ट्या, छपाई, एक संगणक आणि प्रिंटर, यातलं काहीच नेहमीच्या अनुदानात बसत नव्हतं. ग्रामपंचायत कायद्याच्या ग्रामसूचीत ग्रंथालयं आणि वाचनालयं आहेत. म्हणजे ग्रामपंचायतीनं वाचनालयावर खर्च करणं हे तिच्या कामातच मोडतं. अर्जात हे कलमासह लिहिलं तेव्हा दोन ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत विषय घेतला आणि पैसे दिले. पतसंस्थेला आपल्या नफ्यातला वाटा सार्वजनिक कामाला देता येतो, पण नफ्याची वाटणी वार्षिक सभेत मंजूर व्हावी लागते आणि ती सभा सप्टेंबरअखेर होते. म्हणून अर्ज उन्हाळा संपतानाच द्यायचा. मार्चमध्ये धावपळ करून तिथे काही मिळत नाही.

कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीचा रस्ता सगळ्यात लांबचा निघाला. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे विषय बसतो. पण पैसे घेणाऱ्या संस्थेकडे आयकर कायद्याची 12ए आणि 80जी नोंदणी लागते, आणि एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 हा फॉर्मही भरलेला लागतो. आमच्या पाचांपैकी एकाही संस्थेकडे हे नव्हतं. शिवाय तीन संस्थांच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीत, अजून जुनेच विश्वस्त दिसत होते. त्यातले काही तर हयात नाहीत. विश्वस्त बदलल्याचे फेरफार अर्ज दिलेले, पण निकाल व्हायचा राहिलेला. ज्या संस्थेचं दप्तर सगळ्यात स्वच्छ होतं तिला पुढे केलं, तिच्या नोंदण्या करून घेतल्या आणि बाकीच्या चारांनी तिला तसं अधिकारपत्र दिलं. संगणक त्यातून आला. माझं आता ठाम मत आहे की कुठल्याही गावच्या वाचनालयानं कुणाकडेही पैसे मागायच्या आधी आपले फेरफार अर्ज मार्गी लावावेत. हे काम कंटाळवाणं आहे, कुणी त्याचा सत्कार करत नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं एकही दार उघडत नाही.

या सगळ्या काळात मी जुनं बरंच वाचलं. मुंबई सरकारनं 1939 साली फैजी समिती नेमली होती. तिनं मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंत एकमेकांना जोडलेल्या ग्रंथालयांची योजना मांडली. आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानानं 1945 मध्येच ग्रंथालयाचा कायदा केला. तामिळनाडू आणि कर्नाटकात ग्रंथालयासाठी स्थानिक करांवर उपकर आहे. आपल्या 1967 च्या कायद्यात उपकर नाही. ग्रंथालय निधीत शासनानं दरवर्षी किमान 25 लाख घालावेत असं त्यात आहे. आज प्रत्यक्ष तरतूद त्याच्या कितीतरी पट आहे, आणि राज्यातली अकरा-बारा हजार ग्रंथालयं तिच्यावर चालतात. पण ती तेवढ्या ठिकाणी सुटी सुटी पोचते. 2012 मध्ये राज्यभरच्या ग्रंथालयांची पडताळणी झाली, त्यानंतर वर्षानुवर्षं नवी मान्यता आणि वर्गवाढ थांबली होती. त्या काळात ड वर्गातल्या वाचनालयानं कितीही जीव ओतला तरी ते ड मध्येच राहायचं. वर्ग वाढत नसेल तर निदान शेजाऱ्याचं कपाट तरी आपलं व्हावं, आणि त्यासाठी पैशाची वाट कायद्यात हवी. एका तालुक्यातली चार-सहा ग्रंथालयं एकत्र यादी करून पुस्तकं फिरवत असतील तर त्यांना वाहतुकीचे आणि यादीचे म्हणून वेगळे पैसे मिळावेत, आणि तपासणीच्या नमुन्यात शेजारच्या ग्रंथालयाला दिलेल्या पुस्तकांचा एक रकाना असावा. हीच मागणी आम्ही लेखी दिली आहे.

डाळिंबाचं पुस्तक आम्ही पहिल्याच खरेदीत घेतलं. आजोबांनी वाचलं, आणि मग ते चारही गावांतून फिरून आलं. पानांवर पेन्सिलीनं फवारणीच्या तारखा लिहिलेल्या होत्या, वेगवेगळ्या अक्षरांत. खरं तर पुस्तकावर लिहू नये अशी पाटी आमच्याकडे भिंतीवर आहे. त्या खुणा मी खोडल्या नाहीत.

आता माण तालुक्यातली दोन वाचनालयं यायचं म्हणतायत. त्यांच्या दाखल नोंदवह्या घेऊन दिवाळीनंतर बसायचं ठरलं आहे. आधी ठराव, मग यादी, ट्रंक सगळ्यात शेवटी, एवढं त्यांना कळवून ठेवलं आहे.