यादीतली ‘वाळलेली’ झाडे

वृक्षतोडीच्या प्रस्तावांची स्थळपाहणी करणे हा माझ्या कामाचा नेहमीचा भाग आहे. अर्जदाराची यादी घ्यायची, झाडावर रंगवलेला क्रमांक तिच्याशी ताडून पाहायचा, बुंध्याचा घेर मोजायचा आणि शेरा लिहायचा. एका टेकडीवरच्या रानाची एप्रिलअखेरची पाहणी मात्र सहावीतल्या एका मुलीमुळे निराळी ठरली.

त्या रानातून गृहप्रकल्पाचा रस्ता जायचा होता. पायथ्याच्या वस्तीने लेखी हरकती घेतल्या असल्याने तिथली मंडळी पाहणीला हजर होती. यादी फेब्रुवारीत केलेली होती आणि तिच्यात बऱ्याच झाडांपुढे ‘वाळलेले’ असा शेरा होता. झाड मेलेलेच असेल तर ते तोडण्यावरून कोणी फारसे अडून बसत नाही, त्यामुळे या एका शब्दाने प्रस्ताव किती हलका होतो हे वेगळे सांगायला नको.

अशाच एका निष्पर्ण झाडापाशी ती मुलगी पुढे आली. “सर, हे मेलेलं नाही. पावसाच्या तोंडावर याला पानं येतात,” असे म्हणून तिने वही उघडली. आजीबरोबर शेळ्यांमागे हिंडताना तिने प्रत्येक झाडाला एक पान दिले होते आणि पानगळ, फूल, फळ, पालवी यांच्या तारखा पेन्सिलीने लिहिल्या होत्या. झाड मोईचे होते. मी चाकूने साल किंचित खरवडली, तर आत ओलसर हिरवा थर. मोई हिवाळ्यात पाने टाकते, उघड्या फांद्यांवरच फुलते आणि उन्हाळा सरतासरता पालवते. पांढऱ्या खोडाच्या कांडोळाचेही तसेच. पानझडीच्या रानाची यादी फेब्रुवारीत करणाऱ्याला हे ठाऊक नसेल, यावर विश्वास ठेवणे मला जड गेले.

पुढच्या एका झाडाजवळ ती म्हणाली, “हे मात्र खरंच मेलंय. पण तोडू नका, आत धनेश आहे.” खोडातली ढोली लिंपून बंद केलेली होती आणि मध्ये केवळ एक उभी फट होती. राखी धनेशाची मादी अंडी घालण्याआधी स्वतःला असे कोंडून घेते, आणि तिचे व पुढे पिल्लांचे पोट नराच्या फेऱ्यांवर चालते. आम्ही लांब जाऊन थांबलो. थोड्या वेळाने नर आला, खोडाला बिलगला आणि गळ्यातून एकेक उंबर काढून फटीतून आत देऊ लागला. तोवर सारखे घड्याळ पाहणाऱ्या अर्जदाराच्या अभियंत्याने माझी दुर्बीण मागून घेतली. बदली रोपे कितीही लावली तरी अशी ढोली होण्याइतके जाड खोड तयार व्हायला कित्येक दशके लागतात, हे मला त्यांना निराळे समजावावे लागले नाही.

वयाचा प्रश्न अधिक किचकट होता. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार 50 वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. म्हणजे यादीत वय कमी लिहिले की जबाबदारीही तेवढीच घटते. एका बेहड्याचे वय यादीत 30 होते. मुलीची आजी म्हणाली, “बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायचो, तेव्हा दुपारची भाकरी याच्याच सावलीत खायचो.” आठवण म्हणजे मोजमाप नव्हे, हे खरे, परंतु घेराची नोंद आजीच्याच बाजूने बोलत होती.

अहवालात मी ‘वाळलेले’ हा शेरा झाडागणिक तपासून खोडला, ढोलीचे झाड स्वतंत्रपणे नोंदवले आणि वहीच्या पानांच्या छायाप्रती, आजीच्या सहीनिशी, जोडल्या. सुनावणीत यादी परत गेली आणि फेरपाहणी पावसाळ्यात, झाडे पानांवर असताना करण्याचे ठरले. प्रस्ताव रद्द झालेला नाही. रस्त्याची आखणी रानाबाहेरून नेता येईल का, याचे उत्तर अर्जदाराकडून यायचे आहे, आणि वस्तीने एकही हरकत मागे घेतलेली नाही.