आजीचं गोंदण गायब झालं तेव्हा

मागच्या उन्हाळ्यात आजीचा एक फोटो काढला. अंगणात हिरवी नेट बांधली होती तिच्याखाली खाटेवर बसून तूर निवडत होती. फोटो मस्त आला, फक्त आजी हिरवी आली. म्हणजे खरंच हिरवी, कच्च्या बोरासारखी, नेटमधून गाळून आलेलं ऊन होतं ते, दुसरं काय होणार.

मी आळशी माणूस. ब्युटीचं बटन दाबलं अन तिला दाखवला. मोबाईल लांब धरून बराच वेळ पाहत राहिली अन म्हणे, "हे कोन होय बाप्पा? माहं गोंदन कुठी गेलं?"

हनुवटीवरचे तीन टिपके. बटनानं डाग समजून साफ केले. आमच्याकडं म्हाताऱ्या म्हणतात सोनंनाणं सारं इथंच राहते, गोंदण तेवढं सोबत येते. अन ते मी एका बोटानं पुसलं होतं.

मग मूळ फोटो घेऊन पहिल्यापासून बसलो, स्नॅपसीड नावाच्या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये, फुकट आहे. आधी रंग. व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढऱ्याला पांढरं करणारं टूल, त्यातला रंग उचलायचा ड्रॉपर तिच्यामागच्या चुन्याच्या भिंतीवर ठेवला, कारण भिंत पांढरी आहे हे आपल्याला माहीत आहे अन तिच्यावर पण तेच हिरवं ऊन पडलेलं होतं. थोडा हिरवेपणा राहिला तो टिंटची पट्टी, हिरवा-गुलाबी कमीजास्त करणारी, गुलाबीकडं सरकवून काढला. रंग जागेवर यायच्या आत उजेड वाढवाल तर हिरवंच अजून उजळते, मी हे दोनदा करून बसलो.

मग पदराच्या सावलीत डोळे बुडाले होते त्यासाठी शॅडोज, म्हणजे फक्त अंधारा भाग, जरासे वर. पूर्ण फोटोचा ब्राइटनेस वाढवला की भिंत फाटते, म्हणजे नुसती पांढरीफट्ट होते, म्हणून सिलेक्टिव्ह या एकाच जागेपुरत्या टूलची टिकली गालावर ठेवली, चिमटीनं गोल चेहऱ्यापुरता केला अन तेवढाच उजळवला. ते टूल गोलातल्या सारख्या रंगालाच जास्त धरते म्हणून कडा दिसत नाहीत. स्ट्रक्चर, म्हणजे बारीक रेषा ठळक करणारं टूल, मात्र चेहऱ्यावर वाढवू नका, सुरकुत्या भेगाळलेल्या शेतासारख्या दिसतात.

डाग पुसायचं टूल, हीलिंग, कुठं वापरायचं? कपाळावर डास चावल्याचा फोड होता तो काढला. जे आठ दिवसांत जाणार आहे ते पुसायचं, बाकी राहू द्यायचं. झूम करून पुसा, झूम केलं की ब्रश बारीक होतो. अन मधे मधे फोटो दाबून धरून जुना पाहत जा, डोळे फार लवकर सवयीचे होतात.

तालुक्याच्या स्टुडिओवाल्याला वॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवला, नुसता फोटो पाठवला की दाबून लहान होतो. 8 बाय 12 इंचाची प्रिंट 300 डीपीआयनं, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, काढायची तर 2400 बाय 3600 पिक्सल लागतात. दुसरं म्हणजे मोबाईलचा फोटो बहुतेक 3:4 असतो अन ही प्रिंट 2:3, बाजू कापल्या जातातच, म्हणून क्रॉप आपणच करून द्या. नाहीतर तो कापणार. त्यानं विचारलंच वरून, "गोरा करू का भाऊ?" नको म्हटलं बाबा.

फ्रेम आली तर आजीनं आधी हनुवटीवर बोट ठेवून तीन मोजले.

आता शेजारची काकू मागं लागली आहे, तिच्या फोटोतला नाकावरचा मस काढून दे म्हणते. आठ दिवसांत काय, तो जन्मात जाणार नाही. पण तिचा मस, तिची मर्जी. काढून दिला.