तुम्ही बोला

दुपारपासून डोक्यात एकच घोळतंय. साखर कारखान्याचे चीफ इंजिनिअर साहेब माझ्याकडं न बघता आमच्या सर्व्हिसवाल्या अण्णांना म्हणाले, "तुम्ही बोला."

मी बोलतच होतो की! ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा डबा, तोच मी विकतो) लावून मोटर 80 टक्के वेगावर आणली की वीज जवळपास निम्मी, हे ब्रोशरवर ठळक छापलंय. साहेबांनी पान उलटून बघितलं, मागं आकड्यांचा तक्ता असेल म्हणून. मागं कोरं. मग विचारलं, "वरच्या टाकीच्या पंपाला स्टॅटिक हेड किती धरलंय? आणि केबल 120 मीटर आहे, चोक देणार का?" (हेड म्हणजे पाणी चढवायची उंची, चोक म्हणजे लांब केबलवर मोटर जपणारी कॉइल.) म्हटलं, टेक्निकलवाल्यांकडून मेल करतो. त्यांनी पेनाला टोपण लावलं. टोपण लागलं की पुढं काय होतं, ते धंद्यातल्या कुणालाही विचारा.

तेवढ्यात अण्णा, बशीत चहा ओतता ओतता: "साहेब, त्या पंपाला लावूच नका. पाणी तेवढंच वर चढवायचंय, वेग उतरवला तर अर्ध्यातच थांबेल. बॉयलरच्या आयडी फॅनला लावा, त्या धूर ओढणाऱ्या पंख्याला. डॅम्परची झडप अर्धी बंद आणि मोटर फुल्ल पळतीय, येताना बघितली की." टोपण निघालं. पंख्याला कुठं उंची चढायचीय, तिथं वीज वेगाच्या घनानं उतरते, हा हिशोब खरा ठरतो. साहेबांनी माझ्याच ब्रोशरच्या कोऱ्या बाजूला मांडला: 0.8 चा घन, 0.512, म्हणजे जवळपास निम्मी. मी पंखा करत बसलो. म्हणजे एसी नव्हता, फाइलनं.

एमबीए कशाला केलं मग? घरच्यांनी काय काय... जाऊ दे.

पेठ-सांगली रस्त्यावर अण्णा घोरत होते आणि मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो. आमच्याच मालाला "लावू नका" म्हणायचं, आणि त्यावर गिऱ्हाईक खूश! मी असं म्हटलं असतं तर पुण्याहून फोन आला असता. पण खरं सांगू, राग त्याचा नाही. ते दोन शब्द मला कधीच कुणी म्हटलेले नाहीत.

साहेबांचंही बरोबरच म्हणा. ऐन गळितात बॉयलर बसला की गेटाबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते आणि चेअरमनचा फोन त्यांनाच जातो, परचेसवाल्याला नाही. रात्री दोन वाजता ब्रोशर थोडंच येणार आहे पान्हा घेऊन? अण्णा येतात.

कोटेशन फॅनचं मागितलंय. पंपाचं गेलं. हिला सांगितलं तर म्हणाली, "मिळतंय ना, मग तोंड का पाडलंय?" आता हिला काय सांगू.

सोमवारी पलूसला जायचंय. अण्णांना फोन केला, येता का म्हणून. म्हणाले, "येतो की. तुमचं बोलून होईतो मी प्लँट बघून घेतो."